घड्याळाखालची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. माझे दोन पाय जुने आहेत आणि एक नवा आहे. तो नवा का बसवावा लागला, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट गोड नाही. नागीण डूख धरते असं म्हणतात, पण लाकूडही डूख धरतं.

एका सुताराने दरवाजाच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. तेव्हा त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. माझ्यावर पहिल्यांदा तीच बसली. उठताना तिला कुणाचा हात धरावा लागला नाही, तसा सुतार खूश होऊन म्हणाला, "झाली ही पास. आता कुणालाही पेलेल." ते शब्द मी कायमचे जपून ठेवले.

पुढे मी कपड्यांच्या कारखान्यात आले. शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायची तिथे एक लांब खोली होती. उंच टेबलं, दोन्ही बाजूंना बायका आणि प्रत्येकीच्या हातात छोटी कात्री. बसायला बाकडी होती, पण उठायला-बसायला सोपी अशी मी एकटीच. म्हणून जिला दिवस गेले असतील, तिला माझा मान. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. एखादी थोरली बाई मला पायाने हळूच तिच्याकडे सरकवायची आणि अख्ख्या खोलीला बातमी कळायची. मग हसू, चिडवाचिडवी. तेवढ्या वर्षांत मी कितीतरी आयांना बसवलं आणि त्यांच्या पोटातल्या पोरांनाही. फार कौतुक झालं माझं.

मग नवा मुकादम आला. आवाज कधी चढवायचा नाही, गोगलगाय नि पोटात पाय. "बसलं की हात मंदावतात," असं म्हणून त्याने बाकडी बाहेर काढली. मला मात्र भिंतीवरच्या घड्याळाखाली ठेवून घेतलं. बायकांचे मोबाईल फाटकावर जमा होत आणि मनगटावरच्या घड्याळात धागे अडकतात म्हणून त्यालाही बंदी होती. खोलीत वेळ सांगणारं ते एकच घड्याळ उरलं.

सकाळच्या चहाला बायका ओसरीत गेल्या की मुकादम बुटांसकट माझ्यावर चढायचा, काच उघडायचा आणि काटा मागे सरकवायचा. संध्याकाळी सगळ्या गेल्या की पुन्हा पुढे. ज्या पाठीवर आया टेकल्या, त्याच पाठीवर उभा राहून हा माणूस वेळ चोरत होता. फाटकावर मोबाईल परत मिळाला की उशीर दिसायचा, पण तो रांगेत गेला असं वाटायचं. बायका आपल्या म्हणायच्या, "या खोलीत भूकच लवकर लागते बाई." मला दात असते तर मी दातओठ खाल्ले असते.

त्या खोलीत दोन जावा शेजारी शेजारी काम करायच्या. थोरली तोंडाची फटकळ, धाकटी अबोल. धाकटीला दिवस गेले होते आणि पोट चांगलंच पुढे आलं होतं. दवाखान्यातल्या सिस्टरने तिला बजावलं होतं, की तुझं बीपी वाढायला लागलंय, तपासणी चुकवायची नाही. आणि डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर तडक निघून यायचं.

त्या दिवशी तपासणी होती. धाकटीचा चेहरा सुजलेला, चपलेचा पट्टा पायात रुतलेला. कात्री चालवता चालवता ती कपाळ दाबत होती. थोरलीने मुकादमाला गाठलं.

"साहेब, हिचं डोकं सकाळपासून दुखतंय. दवाखाना दुपारपर्यंतच उघडा असतो. जाऊ द्या हिला."

"माल आज जायचाय," मुकादम शांतपणे म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत जा म्हणावं. दवाखाना काय पळून जातो का?"

आणि चहाच्या वेळी तो माझ्यावर चढला. माल जायचा होता ना, म्हणून त्या दिवशी काटा जरा जास्तच मागे गेला.

त्याच घड्याळावरून जेवणाची घंटा झाली, तशी धाकटी निघाली. दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. ती परत आली आणि म्हणाली, "जाऊबाई, माझीच चाल मंद झाली असेल." पुन्हा कात्री हातात घेतली. थोड्या वेळाने तिला समोरचा धागा दिसेना. मग ती टेबलाला धरून घसरत खाली आली आणि तिला झटके येऊ लागले. सगळं अंग ताठ, दात घट्ट मिटलेले. थोरली तिला कुशीवर वळवून नावाने हाका मारत होती. मी घड्याळाखाली उभी राहून बघत होते.

मोठ्या इस्पितळात धाकटी वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

काही आठवड्यांनी ती कामावर आली तेव्हा मुकादम म्हणाला, "बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. त्यात असं व्हायचंच." धाकटीने मान खाली घातली. तिला वाटत होतं, आपणच चालायला उशीर केला. ते ऐकून माझ्या मनाने घेतलं. या माणसाला मी सोडणार नव्हते.

त्याच्या बुटांनी माझ्या एका पायाची पाचर सैल झाली होती. पुन्हा कधीतरी आयांना पेलायचं म्हणून मी ती आवळून धरली होती. आता मी फक्त वाट बघत राहिले.

एक दिवस खोलीच्या टोकाला काम करणाऱ्या इस्त्रीवालीने तसंच डोकं धरलं. तिचंही पोट पुढे आलेलं. तिने दवाखान्यात जायची परवानगी मागितली. मुकादम म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत जा." चहाला बायका ओसरीत गेल्या आणि तो माझ्यावर चढला. काच उघडली, काट्याला बोट लावलं. आणि मी पाचर सोडली.

माझा पाय मोडला, धाडकन आवाज झाला तशा बायका धावत आत आल्या. मुकादम जमिनीवर आडवा, पाय वाकडा झालेला, छातीवर घड्याळ आणि चिमटीत मोठा काटा. धाकटी पुढे झाली. तिने काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"त्या दिवशीही?" तिने विचारलं.

त्याने नजर चुकवली. चोराला दुसरं काय सुचणार?

"पाय मोडलाय माझा," तो कण्हत म्हणाला. "दवाखान्यात न्या मला."

"नेतो की," धाकटी म्हणाली. "जेवणाची सुट्टी होऊ द्या. दवाखाना काय पळून जातो का?"

थोरलीने कारखान्याची गाडी बोलावली. मुकादमाला मागे आडवं घातलं आणि पुढच्या सीटवर धाकटीने इस्त्रीवालीला हाताला धरून बसवलं. दोघी जावाही बरोबर गेल्या. ड्रायव्हरने विचारलं, आधी कुठे? "आधी हिची तपासणी," धाकटी म्हणाली. "यांचा पाय मोडलाय. तो आता कुठे जाणार?" आणि इस्त्रीवालीचा नंबर लागेपर्यंत मुकादम दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडीत विव्हळत पडून राहिला. हे थोरलीने परत येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या मोडक्या पायाचं दुखणं एकदम कमी झालं.

इस्त्रीवालीचं बीपी खूप वाढलेलं निघालं. सिस्टरने तिला तिथूनच इस्पितळात पाठवलं. वेळेत पोचली म्हणून ती वाचली आणि तिचं बाळही. मालकाने मुकादमाला काढलं, बाकडी परत आली. मला नवा पाय मिळाला. धाकटी जेवताना माझ्यावरच बसते. मी तिला पेलते, पण तिची मुलगी मी परत आणू शकत नाही. म्हणून पश्चात्ताप झाला का, असं मला कुणी विचारू नका. मला तो झालेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली आई, मावशी, वहिनी पोटुशी असेल आणि म्हणाली की डोकं ठणकतंय, चेहरा सुजलाय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर "असं होतंच" म्हणू नका. तिला आधी बसवा आणि त्याच पावली दवाखान्यात न्या. मोठी माणसं ऐकत नसतील तर हट्ट धरा. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या मुकादम झालंच, तर घड्याळाला हात लावण्याआधी पायाखालची तिवई नीट बघून घ्या.