अस्तराची जाडी

आमच्याकडे पेट्या दादा करायचा आणि आतलं अस्तर मी लावायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि वहिनी गेल्यावर त्याला घर खायला उठायचं, म्हणून बत्तीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. बोलायची मी, ऐकायचा तो.

आमच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कड असते, ती पेटीत उतरते. मध्ये फेल्टचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, अस्तर बसणार म्हणून दादा तेवढी फट सोडायचा. झाकण वर धरून सोडलं की ते आपल्याच वजनाने सावकाश खाली जायचं आणि आतली हवा सुस्कारा टाकायची. लोक तेवढ्यासाठी आमच्याकडे यायचे.

आठ महिन्यांपूर्वी घड्याळजीने बारा पेट्या सांगितल्या होत्या. सरस वाळेपर्यंत झाकण लावायचं नसतं, त्यामुळे तो पेट्या न्यायला आला तेव्हा पहिलं झाकण त्याच्यासमोरच लावलं. ते अडकलं. दुसरंही अडकलं. तिसरं दाबून बसवलं, तर ओढताना फेल्टच सुटून आलं. घड्याळजी चकार शब्द बोलला नव्हता. पण माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

"दादाचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही," मी म्हटलं. "वय झालं."

दादाने बाराही झाकणं मुकाट्याने उचलली, कडांवर रंधा मारला आणि दुसऱ्या दिवशी पेट्या पोचवल्या. त्यानंतर नवं काम आलं की म्हणायचा, आता नको, जमत नाही. मलाही ते खरंच वाटलं. राहिलेल्या जुन्या पेट्यांच्या फक्त तळाला अस्तर लावायचं उरलं होतं, ते मी एकटीच लावत बसायची. वेळेवर थांबला म्हणून शेजारणीपाशी त्याचं कौतुकसुद्धा केलं, शहाणी मी! मागच्या महिन्यात त्याने रंधे, पटाशा, सगळी हत्यारं समोरच्या सुताराला देऊन टाकली.

काल कारखान्यात रिकामी झालेली कपाटं पुसताना जुन्या फेल्टचा एक तुकडा हाती लागला. सहज हल्लीच्या गुंडाळीवर ठेवला, तर फरक डोळ्यांना दिसला. पट्टी लावली. जुनं दोन मिलिमीटर, हल्लीचं तीन. घड्याळजीच्या कामाच्या वेळीच मी फेल्टचं दुकान बदललं होतं. रंग अगदी उजेडात नेऊन जुळवला होता, जाडी बघितलीच नव्हती. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते हेच. मी गुंडाळीचा एक तुकडा कापला आणि दोन्ही पिशवीत टाकले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

घरी दादा मटार सोलत होता. वाटेत मनात जुळवलेलं बोलणं सगळं विसरले आणि नुसते दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते अंगठ्याने चाचपलेसुद्धा नाहीत.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी मोजलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाइकासमोर तुला खोटं पाडायचं? आणि नंतर म्हटलं, ही रोज त्याच टेबलाशी बसते. आज ना उद्या मोजेल."

मी उठलेच. म्हटलं, सुताराकडून हत्यारं परत आणते, हातापाया पडते त्याच्या. दादाने पुढची शेंग उचलली.

"राहू दे," तो म्हणाला. "सात महिने ठेवली होती ना मी. तेवढ्यासाठीच."