न वाचलेल्या फायली

शुक्रवारी सकाळी घरातल्या संगणकाने जाहीर केलं की जागा संपली. त्या वेळी मुलगी जेवणाच्या टेबलावर एका शाळेच्या नव्या जिन्याचं ड्रॉइंग पुरं करत होती. आजवर तिने दुसऱ्यांच्या नावाने जाणाऱ्या जिन्यांच्या रेघा मारल्या होत्या. हे पहिलं काम तिच्या स्वतःच्या नावावर मिळणार होतं. अट एकच, ड्रॉइंग पाचच्या आत शाळेच्या कार्यालयात पोचायला हवं. ते पडद्यावर तयार होतं, पण सेव्ह होत नव्हतं. पेनड्राइव्ह लावून पाहिला, तरी प्रोग्राम आधी डिस्कवरच जागा मागत होता.

तिने मामाला फोन लावला. मामाचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे.

"ड्रॉइंग बंद करू नकोस," मामा म्हणाला. "तात्पुरत्या फायलींचा फोल्डर उघड. नुसता उकिरडा असेल. सगळं निवड आणि डिलीट कर. जे वापरात आहे ते तो काढू देत नाही, ते सोडून दे. मग रिसायकल बिन रिकामी कर, त्याशिवाय जागा सुटत नाही. चहा गार होण्याच्या आत होईल."

डिलीट करायला संगणकाने पासवर्ड मागितला. पासवर्ड बाबांकडे होता.

बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले प्रूफरीडर. आईही तिथलीच. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची, बाबा समोर बसून प्रूफ तपासायचे. लग्नही त्याच टेबलावर ठरलं. न वाचलेला कागद बाबांच्या हातून कधी टोपलीत गेलेला नाही. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात आणि मगच फेकतात.

"काय आहे त्या फायलींत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. कचरा."

"वाचलास?"

"कचरा कुणी वाचतं का?"

"मग तो कचरा आहे हे तुला कुणी सांगितलं? मामाने? त्याने वाचलाय?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईने चष्म्याचं घर उघडलं, म्हणजे तीही बाबांच्या बाजूने होती.

फायली चारशेच्या वर होत्या. बाबांनी पहिली उघडली आणि कामच थांबलं. प्रूफ पडद्यावर होतं, पण ताडून पाहायला मूळ प्रत नव्हती. मूळ प्रतीशिवाय तपासणं म्हणजे त्यांच्या मते अंदाजपंचे कारभार. त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक फाइल कागदावर छापायची, आईने कागद वाचायचा, त्यांनी पडदा पाहायचा.

"अहो बाबा, दोन्हीकडे तेच असणार!"

"ते तपासल्यावर कळेल."

प्रिंटर सुरू झाला. आईने घसा साफ केला आणि कामावर असल्यासारख्या एकसुरी आवाजात वाचायला लागली. "चौकोन, चौकोन, प्रश्नचिन्ह, डॉलर, मोकळी जागा, पुन्हा चौकोन."

"पहिल्या चौकोनानंतर जागा आहे की नाही?"

"नाही."

"इथेही नाही. पुढे."

मुलगी घड्याळ आणि पडदा आळीपाळीने पाहत होती. दुपारची जेवणं टेबल अडल्यामुळे ओट्याशी उभ्याने झाली. तीनच्या सुमारास तिने फोल्डर पुन्हा मोजला. फायली पाचशेच्या पुढे गेल्या होत्या. छापायला पाठवलेली प्रत्येक फाइल उरल्यासुरल्या जागेत प्रिंटरसाठी एक नवी छोटी तात्पुरती फाइल मागे ठेवत होती.

"बाबा, तुम्ही वाचताय म्हणून त्या वाढतायत!"

"म्हणजे आणखी वेगाने वाचायला हवं," बाबा म्हणाले. "जरा घाई कर गं."

"माझी जीभ आहे, छपाईयंत्र नाही," आई म्हणाली.

मुलीने मामाला पुन्हा फोन लावला आणि तो बाबांच्या कानाला धरला. मामाने सगळं समजावलं. बाबा "बरं", "हो का" म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तू तुझं दुकान सांभाळ."

साडेचार झाले. मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, माझा जिना जाईल हो. मला दुसरं काही नको. तेवढा पासवर्ड टाका."

बाबांची बोटं कळफलकावर गेली आणि थांबली. ते हट्टीपणा करत नव्हते; न वाचलेलं पुसायला त्यांचा हातच उचलत नव्हता.

आईने कागद खाली ठेवला. तिचा घसा बसला होता.

"अहो, या पानात एक तरी शब्द धड आहे का?"

"एकही नाही."

"आधीच्या पानात?"

"छे."

"असं प्रूफ आलं की आपण काय करायचो?"

बाबांनी विचार केला. "न वाचता परत पाठवायचो. खिळे पुन्हा जुळवून आणा म्हणून."

"मग?"

"पण परत पाठवू कुणाला?"

"संगणकाला!" मुलगी ओरडली. "त्याला लागल्या की तो स्वतःच नव्या करतो. खरंच करतो."

"नक्की?"

"मामाला विचारा."

"नको," बाबा घाईने म्हणाले आणि त्यांनी पासवर्ड टाकला. सगळ्या फायली निवडताना त्यांनी दोनदा खाकरून घेतलं. डिलीट. वापरात असलेल्या काही फायली संगणकाने काढू दिल्या नाहीत, त्यात ड्रॉइंगच्याही होत्या. बाबा पडद्याला म्हणाले, "शहाणा आहेस." मग रिसायकल बिन रिकामी झाली.

मुलीने सेव्ह दाबलं. या वेळी संगणक काही बोलला नाही. तिने ड्रॉइंग ईमेलला जोडलं, पाठवलं आणि खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसली. पाचला दहा कमी होते.

"गेलं?" बाबांनी विचारलं.

"गेलं."

"कुणी वाचलं होतं?"

"नाही, बाबा."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलावरचं शाळेचं पत्र ओढलं आणि मुलगी उठायच्या आत तिथला नंबर फिरवला. "मी जिनेवालीचे वडील बोलतोय. आत्ता एक ड्रॉइंग आलंय का? बरं. ते पाठवण्याआधी कुणी वाचलेलं नाही, तुम्ही तरी वाचून घ्याल का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. बाबांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?" मुलगी जमिनीवरूनच म्हणाली.

"आलंय म्हणाला. वेळेत नोंद झालीय."

"आणि?"

"म्हणाला, आजोबा, जिना वाचत नाहीत, चढतात." बाबांनी चष्मा पुसला. "उद्धट माणूस आहे."