दोन्ही डोळे उघडे

मित्रांनो, मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक आहे. आज इंदूरला पंचशीलाच्या कपाटावर असतो, पण घडलो जर्मनीत. याकोब नावाच्या यहुदी डॉक्टरांनी मला प्रथम घरी नेले.

त्यांची एक रीत होती. डावा डोळा माझ्या नळीला लावायचा, उजवा मिटायचा नाही. त्याने कागदाकडे बघत चित्र काढायचे. ही रीत त्यांनी मुलाला, लुडविगला दिली. लुडविग जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक होते. माझ्यातून ते शाईचे कण पाहत. त्यांच्याकडून ती त्यांच्या मुलांकडे, एमिल आणि क्लारा या भावंडांकडे आली. धाकटी क्लारा उशीवर उशी ठेवून माझ्यापर्यंत पोहोचायची. तिचे शिकणे अर्धेच राहिले.

नाझींचे राज्य आले. क्लाराला इंग्लंडला पाठवले. डॉक्टर झालेले एमिल मला घेऊन इंदूरला आले. लुडविग मागे राहिले. त्यांचे पुढे काय झाले, ते माझ्यासमोर कुणी बोलले नाही.

एमिल यांनी लग्न केले नाही. त्यांनी आपली रीत महूच्या कचरूंना शिकवली. कचरू त्यांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. शेवटी मलाही त्यांच्याच हाती सोपवले. कचरूंनी नातीला, पंचशीलाला शिकवले. ते गेल्यावर माझ्यावर धूळ साचली.

"दीदी, सियागंजच्या बाजारात भंगारात देऊन टाक ना याला," तिचा भाऊ ज्ञानदीप चिडवायचा. "पीतल एकदम असली आहे!"

मला मात्र एकच आस होती. याकोबांच्या घरातले कुणीतरी एकदा यावे.

या हिवाळ्यात एमिल यांचा माग काढत हॅना आली. क्लाराची नात. ती घराण्याची वंशावळ जुळवत होती आणि एमिल यांच्या नावाखाली जागा कोरी होती. पंचशीलाने मला पुसून खिडकीशी ठेवले.

"त्यांच्या घरचा आहे, भिया. देऊन टाकू," पंचशीला भावाला म्हणाली.

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. धूळ गेली डोळ्यात."

पंचशीलाने कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला. हॅना वाकली आणि तिने उजवा डोळा घट्ट मिटला. माझे मन खचले. ज्या घराची मी वाट पाहिली, तिथे ती रीत उरलीच नव्हती.

"असं नाही," पंचशीला तिला इंग्रजीत म्हणाली. "दोन्ही डोळे उघडे ठेवा."

हॅना चमकून उठली. "आजी हेच म्हणायची! पण पुढे काय करायचं, ते तिला आठवत नसे."

तिने माझ्या नळीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "हा इथेच राहू दे. आधी मला शिकव."

मित्रांनो, घरात जुने उपकरण असेल तर त्याचे भिंग मऊ कापडाने पुसा, सदऱ्याच्या टोकाने नको. आणि कुणाला तरी शेजारी बसवून ते वापरायला शिकवा. पुसणे एकट्याने जमते, हे जमत नाही.

हॅना रोज दुपारी येते. काल तिचा उजवा डोळा क्षणभर उघडा राहिला आणि कागदावर पेशीची एक वाकडी भिंत उमटली.