ह्यांनी सांगितले

“घुलेबाई, पानोपानी ‘ह्यांनी सांगितले’ असं लिहिलंय. हे ‘हे’ कोण?” परीक्षक परचुरे सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “या नावाचे लेखक माझ्या तरी वाचनात नाहीत.”

चाळिशी उलटलेली मथुरा घुले, मांजरी गावच्या बालवाडीची बाई, संसार सांभाळून एम.ए.पर्यंत पोचली होती. गुऱ्हाळाच्या बोलीवर तिनं प्रबंध लिहिला होता आणि आज कर्वेनगरच्या कॉलेजात त्याची तोंडी परीक्षा होती. धीर द्यायला मार्गदर्शक सुनीतीबाई शेजारी होत्या, पण मथुराचं निम्मं काळीज स्वारगेटजवळच्या दवाखान्यात अडकलं होतं. नवऱ्याच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन नेमकं आजच निघालं होतं. परीक्षा सोडते म्हणाली, तर तोच खेकसला होता, “जा तू. मी काय पळून चाललोय व्हय?” मग धाकट्या दिराला, बजरंगला, त्याच्याजवळ बसवून ती निघाली होती.

“आमचे मालक,” ती कशीबशी म्हणाली. “गुळव्या आहेत. काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते त्यांच्या डोळ्यावर ठरतं. सगळे शब्द त्यांनीच सांगितले.”

“मग नाव का नाही?”

काय सांगणार? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. शिकलेल्या डोक्याला ते पटत नव्हतं. तरी लिहिताना हात धजावला नव्हता, आणि आज तर तो तिकडे टेबलावर आडवा होता.

सुनीतीबाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला, लिहून द्या म्हणाल्या. परचुरे सरांनी तो अलगद मागे ओढला.

“तोंडी परीक्षा आहे. तोंडानंच सांगू द्या.” मग आवाज न चढवता ते म्हणाले, “बाई, दुसऱ्याचं घेतलं आणि त्याचं नाव दिलं नाही, की ती चोरी. घरातल्याचं घेतलं तरी चोरीच. तसा शेरा मारणं मला भाग पडेल.”

शेरा म्हणजे प्रबंध गेला, इतक्या वर्षांचं शिकणंही गेलं. पण तिला लागला तो चोरी हा शब्द. जन्मभर चुलाणापुढे भाजून निघालेल्या माणसाचं बोलणं तिनं स्वतःच्या नावावर बांधून आणलं होतं, आणि त्याचं नाव कुठंच नव्हतं. भीती होती तेवढीच राहिली. वर लाजही वाटली.

“हिंदुराव,” ती म्हणाली. सरांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागलं. “हिंदुराव घुले.”

तळटिपा घाला, पास आहात, असं काहीसं सर म्हणाले. ते तिच्या कानात शिरलंच नाही. रिक्षात बसल्यापासून एकच घोकत होती, मी घेतलं नाव, मीच घालवलं माणसाला. दवाखान्याच्या पायरीवर वाट बघतो म्हणालेला बजरंग तिथं दिसला नाही. ती तशीच जिना चढून वर गेली.

वॉर्डाच्या दारात नर्सनं अडवलं. “पेशंटचं नाव?”

सांगायला शेजारी दुसरं कुणी नव्हतं. मथुरानं डोळे मिटले.

“हिंदुराव घुले.” जरा मोठ्यानंच निघालं.

नर्स काही बोलायच्या आत, पलीकडच्या पडद्याआडून ओढलेला, गुंगीतला आवाज आला.

“हाय की हितं.”