इस्तारीभाऊ कोणत्या इंग्रजीत आहेत

जिल्ह्यात दारूबंदी आली आणि आमच्या गावच्या पिणाऱ्यांची इंग्रजी सुधारली. कुणी 'पेला' असं कानावर आलं की महिला मंडळाच्या बाया त्याच्या दारात येऊन बसत. 'लाइट हाय' म्हटलं तर जरा विचारात पडत. शब्द सगळे मागून आणलेले. 'टाइट' बांबूच्या ट्रकवाल्यांचा. ते लादलेल्या बांबूंवर दोर आवळतात, तसा माणूस आतून आवळला जातो म्हणे. 'फुल्ल' एसटीच्या कंडक्टरचा: आता जागा नाही. 'आउट' क्रिकेटच्या पोरांचा: उचलून न्या.

इस्तारीभाऊ ढिवर या सगळ्या पायऱ्या चढून आलेला. म्हणूनच त्याच्या लेकीनं, रीतानं, आपल्या साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, बजावलं होतं, की पिऊन आलास तर नवरदेवाला टिळा काका लावेल. इस्तारीनं तलावाकडे हात करून शपथ घेतली.

त्या सकाळी तो पाहुण्यांसाठी मासोळ्या काढायला गेला आणि परतला तो जरा जास्तच सरळ चालत. नवरदेव धनराज नदीपलीकडून मंडळी घेऊन मांडवात बसलेला. काकानं कुंकवाचं ताट उचललं. इस्तारीचे सोबती साक्षीला धावले. एक म्हणाला, लाइट हाय. दुसरा, पोचू, म्हणाला, लाइटच्या वर, पण टाइटले अजून वेळ हाय.

रीता बापाला चुलीमागं घेऊन गेली.

"बाबा, या लोकायची इंग्रजी राहू दे. तू सांग."

इस्तारी पायाच्या बोटांकडे पाहत बोलला. "पेलो, बाई. तू जाशीन म्हून पेलो."

"मंग उतरू दे. टिळा तूच लावशीन."

काकाच्या हातून ताट परत गेलं. टिळ्याआधीच पंगत बसली. मुहूर्त पुढं गेला, एवढंच पाहुण्यांना सांगितलं. पोचू मात्र दर थोड्या वेळानं खबर आणी: टाइटवरून उतरला. म्हणजे साक्षीत माप कमी भरलं होतं. पाहुणेही भाताचा घास थांबवून हळूच विचारू लागले, आता कुठवर आले व्याही? एसटी त्यांच्याकडेही जातेच, आणि तिच्याबरोबर ही इंग्रजीही.

ऊन कलल्यावर इस्तारी आंघोळ करून पाटावर बसला, अगदी कोरा. आणि कोरा झाला तसा त्याचा हात कापायला लागला. कुंकवाचं बोट नवरदेवाच्या कपाळासमोर हलत राहिलं. काका पुढं सरकला. रीतानं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मागं झाला.

शेवटी धनराजनंच मान पुढं केली आणि कपाळ त्या बोटाला नेऊन टेकवलं. टिळा भुवईवर गेला.