बारावं वळण

मामानं खिडकीतली लिंबाची कुंडी टेबलावर ओढली, एक पान भिंगाखाली धरलं आणि मग भिंग शेजारच्या कागदावर नेलं.

कापडछपाईच्या कारखान्यात त्याच्या सहीशिवाय नवी नक्षी पुढे जात नसे. ही नक्षी त्याच्या सख्ख्या भाचीची होती. सही झाली तर तिची नोकरी कायम, नाहीतर सहा महिन्यांची उमेदवारी आजच संपणार. मागे एकानं दुसऱ्याची नक्षी उचलून आणली होती आणि मामानं डोळे झाकून सही केली होती. तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत असे.

कागदावर पांढरी नागमोडी वाट होती, जाईल तशी रुंदावत जाणारी. सुरेखच होती, आणि म्हणूनच त्याला खटकत होती. सहा महिन्यांत असा हात बसतो होय?

"खरं सांग, कुठून घेतलीस?"

"याच पानावरून. नागअळी पान आतून पोखरत जाते ना, तिची वाट आहे ही. काल दुपारी काढली."

त्यानं एकेक वळण ताडून पाहिलं. अकरा जुळली. पानावर बारावं होतं, कागदावर नव्हतं.

"वाटलंच मला. नक्षी चोरलीस आणि मग जुळणारं पान शोधत बसलीस. एका वळणानं घोटाळा केला."

त्यानं तिथल्या तिथे मालकांना फोन लावून नक्षी चोरीची असल्याचं सांगून टाकलं. भाची रडली नाही, तर त्याचाही त्याला संशय आला.

"मामा, परत बघ. वाटेच्या टोकाशी."

टोकाशी, पानाच्या पातळ सालीखाली, एक पिवळसर कण होता. तो हलत होता. अळी अजून खातच होती. बारावं वळण कालच्या दुपारनंतरचं होतं.

तीस वर्षं मामा वहीत दाबून सुकवलेल्या पानांवरून नक्ष्या काढत आला होता. ती पानं कधी बदलली नव्हती. त्यानं मालकांना पुन्हा फोन करून स्वतःची चूक कबूल केली आणि खिशातून पेन काढलं.

"आण इकडे. सही करतो."

भाचीनं कागद पुढे केला नाही.

"आणि अळी मेलेली निघाली असती तर, मामा?"

मामानं उघडलेलं पेन टेबलावर ठेवलं.