पहिली सापडलेली फाईल

गिरणीतल्या रंगमास्तरांचा फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते.

"बाई, निळा एकेचाळीस कापडावर हिरवट आलाय. अकराशे मीटर. तुमच्या यंत्राचं डोकं फिरलंय का?"

"फाईल बघितलीत?"

"दहादा बघितली. फाईल बरोबर आहे. मीच लिहिलेली आहे."

"मग यंत्र तेच ओतणार ना, मास्तर. यंत्र काय स्वतःच्या मनानं रंग घालतं?"

फोन ठेवला, पहिला घास घेतला. आणि मला प्रोग्रामातली ती ओळ आठवली.

त्या गिरणीत रंग मोजून ओतणारं यंत्र आमच्या कंपनीचं. त्याचा प्रोग्राम सी भाषेत आहे आणि त्यातलं फाइली शोधणारं फंक्शन माझं. मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. झेरॉक्सच्या दुकानात बसायचे, लोकांच्या पुस्तकांच्या प्रती काढायचे, आणि त्यातली एक जास्तीची काढून घरी न्यायचे. चोरीच ती. पण फंक्शन पक्कं लिहिलं होतं. त्याला रंगाचं नाव द्यायचं आणि फोल्डरांची यादी द्यायची. ते पहिल्या फोल्डरात जातं, त्या नावाची, म्हणजे कुठला रंग किती ओतायचा ते लिहिलेली, फाईल उघडते का बघतं. नाही उघडली तर दुसऱ्या फोल्डरात, मग तिसऱ्या. उघडली की तिथेच थांबतं. पुढच्या फोल्डरात त्याच नावाची दुसरी फाईल असली तरी तिकडे ढुंकून बघत नाही. म्हणजे यादीत आधी कोण, यावर सगळं. मी मास्तरांचं फोल्डर आधी ठेवलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी आमचे साहेब माझ्या टेबलापाशी आले. "बाई, प्रोग्राम जिथून सुरू होतो ना, ते फोल्डर सगळ्यात आधी बघायला लावा. गिरणीच्या मालकासमोर पटकन फाईल टाकून दाखवायचीय, आकडा बदलला की रंग कसा बदलतो ते."

"साहेब, तिथे एखादी फाईल राहून गेली तर मास्तरांच्या फायलीकडे यंत्र जाणारच नाही."

"राहील कशी? मी काय खुळा आहे?"

मी लिहिली ती ओळ. आमच्याकडे प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत आहे. करवून घेणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही.

तर मला पहिल्याच दिवशी, पहिल्या घासाला कळलं होतं. खात्री नव्हती, असं मी स्वतःला सांगत राहिले. खात्री करायला बसने पाऊण तास लागतो. मी आठ दिवस लावले. का? कारण साहेबांनी त्याच दुपारी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपला प्रोग्राम बरोबर आहे. चूक गिरणीची आहे. बाहेर कुणी वेगळं बोललं तर त्याने आपली खुर्ची घेऊन घरी जावं." लोक हसले. मीही हसले. माझ्याकडे पदवीचा कागद नाही. ही खुर्ची गेली तर दुसरी कोण देणार, हा हिशोब मी हसता हसता केला.

इकडे मास्तरांचा रोज फोन. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मालक म्हणतात मी डोळे मिटून कापड पास केलं. बाई, खरं सांगू? ओलं कापड बघतानाच मला हिरवट वाटलं होतं. पण पडद्यावर नाव बरोबर, फाईल बरोबर. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल."

"तुमचं काही चुकलं नसेल, मास्तर," मी म्हणाले. बस, एवढंच म्हणाले. मोठी मेहेरबानी केली.

सहाव्या दिवशी त्यांचा आवाज खाली गेला होता. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणतो ठीक आहे. पण वय झालं की कुणाला काय सांगता येतं? मुलगी आता रस्ता ओलांडताना हात धरते माझा. बावीस वर्षं रंग ओळखतोय बाई, आणि परवा घरी तिला विचारलं, ही उशी निळीच आहे ना गं?"

त्या रात्री मी झोपले नाही वगैरे काही नाही. झोपले. पण आठव्या दिवशी सुट्टी टाकून गिरणीत गेले.

रंगखात्यात पायाखाली ओल आणि नाकात तिखट वाफ. मास्तर माझ्या मागे उभे. मी प्रोग्रामात एकच गोष्ट वाढवली: जी फाईल उघडलीस तिचा पूर्ण पत्ता पडद्यावर लिही. मग निळा एकेचाळीस मागितला. पत्ता आला. मास्तरांच्या फोल्डरचा नव्हता. प्रोग्राम सुरू होतो त्या फोल्डरात साहेबांची फाईल आठ महिने पडून होती, पिवळा तिप्पट केलेली. मधल्या काळात हा रंग कुणी मागितलाच नव्हता, म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

"म्हणजे मी नाही?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही नाही."

मास्तर बादली उलटी घालून तिच्यावर बसले आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

मी तडक मालकांच्या खोलीत गेले. आमचे साहेब तिथेच होते, भरपाईचा विषय मिटवायला आलेले. मी दोन्ही फाइलींचे आणि त्या ओळीचे कागद टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी कागद न बघताच विचारलं, "ही ओळ कुणी लिहिली? नाव वाचा."

"माझं आहे. सांगितली तुम्ही."

"मी सांगितल्याचं कुठे लिहिलंय?"

मालकांना या भांडणात रस नव्हता. त्यांनी मास्तरांना बोलावलं. "चला, प्रोग्रामची चूक निघाली. छान झालं. अकराशे मीटर यांच्याकडून भरून घेऊ." मग खणातून एक कागद काढला. "पण मास्तर, हे तुम्ही परवा स्वतः लिहून दिलंय. नजरेची खात्री वाटत नाही म्हणून. आता हे वाचल्यावर मी तुम्हाला रंगावर ठेवायचं कसं? गोदामात या. पगार तोच."

"मालक, तुम्हीच म्हणालात लिहून दे, नाहीतर पोलिसात देतो."

"मी तसं म्हणालो, पण खोटं लिही असं म्हणालो का?"

मास्तर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला हे कधी सुचलं? ही दुसऱ्या फोल्डरची भानगड?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, म्हणता आलं असतं.

"तुमचा पहिला फोन आला तेव्हा."

त्यांनी मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "हा कागद मी परवा लिहिला," एवढंच म्हणाले आणि गोदामाची किल्ली घ्यायला गेले.

मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर मी सगळीकडे बोलले असते, हे साहेबांना कळतं. ती ओळ मी काढून टाकली, दोन मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा टेबलापाशी. "दुसऱ्या गिरणीत दाखवायचंय. डेमोपुरती ती ओळ परत घाला."

"तुम्ही घाला. आणि खाली तुमचं नाव लिहा."

"बाई, तोंड सांभाळा."

"सांभाळलं होतं की आठ दिवस."

साहेब शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथे दोन मुलींचा बाप बसतो, चांगला शिकलेला, माझ्यापेक्षा हुशार. त्याने सगळं ऐकलं होतं. "हो साहेब," म्हणाला, ओळ घातली, खाली स्वतःचं नाव आणि तारीख टाकली, आणि माझ्याकडे न बघता डबा उघडला.